गोव्यातल्या घराभोवती पक्ष्यांसाठी देशी झुडपांची वई

गोव्यातल्या जुन्या घरांची हद्द एक तर जांभ्या दगडाच्या गडग्याने आखलेली असे किंवा काटेरी झुडपांच्या वईने. आज बहुतेक ठिकाणी चिऱ्यांची पक्की भिंत उभी राहते आणि तिच्या आतल्या बाजूला ड्युरांटा, अ‍ॅकॅलिफा किंवा क्रोटन यांची एकसारखी कातरलेली रांग लावली जाते. ही झाडे बाहेरच्या देशांतून आलेली, लवकर वाढणारी आणि दिसायला नीटनेटकी आहेत. मात्र इथल्या अळ्या त्यांच्यावर फारशा पोसल्या जात नाहीत, वरचेवर कातरल्यामुळे त्यांना फुले-फळे धरायला अवधी मिळत नाही आणि फांद्यांची ठेवण अशी असते की घरटे लपवायला आडोसा उरत नाही. त्यामुळे पक्षी त्यांच्यावर क्षणभर टेकतात आणि पुढे जातात.

ज्यांच्याकडे वीस-तीस फूट लांबीची हद्द आहे, आठवड्याला तासभर वेळ आहे आणि तीन पावसाळे थांबण्याची तयारी आहे, अशा नवख्या मंडळींसाठी हा लेख लिहिला आहे. पुढची सगळी मापे तीस फूट लांबीच्या वईची आहेत. आपली जागा कमी-जास्त असेल तर त्या प्रमाणात आकडे बदलून घ्यावेत.

पक्ष्यांना वईत काय हवे असते

बागेत पक्षी यावेत म्हणून बहुतेक जण आधी फुलांचा विचार करतात, मग फळांचा. माझ्या मते हा क्रम उलटा लावायला हवा आणि सुरुवात किड्यांपासून करायला हवी. शिंजीर फुलातला मध पितो हे खरे असले, तरी पिल्लांना तो बारीक कोळी आणि किडेच भरवतो. बुलबुल वर्षभर फळांवर ताव मारत असला, तरी अंड्यातून नुकत्याच बाहेर आलेल्या पिल्लांच्या चोचीत तो मऊ अळ्या घालतो. शिंपी आणि वटवट्या तर जवळजवळ पूर्णपणे किड्यांवर जगतात. म्हणून ज्या झुडपाची पाने कोणी खातच नाही, ते झुडूप कितीही फुलले तरी पिल्ले वाढवण्याच्या कामी फारसे येत नाही.

दुसरी गरज आडोशाची. मांजर, कावळा आणि भारद्वाज यांच्यापासून घरटे वाचवायचे असेल, तर वई आतून दाट आणि निदान काही ठिकाणी काटेरी असावी लागते. तिसरी गरज वईच्या पायथ्याशी असते आणि तिच्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. झुडपांखाली साठलेल्या पातेऱ्यात गांडुळे, वाळवी, गोम, भुंगेऱ्यांच्या अळ्या असे कितीतरी खाद्य असते. दयाळ, सातभाई आणि नारिंगी डोक्याचा कस्तूर हे पक्षी तिथेच चोचीने पाने उलटून पोट भरतात. सकाळी अंगण झाडताना पातेरा गोळा करून जाळण्याची आपली सवय वईपुरती तरी सोडावी लागेल. ही एक गोष्ट मान्य नसेल, तर बाकीचे कष्ट निम्मेच फळतील.

आधी जागा पाहावी

एप्रिल महिन्यात हद्दीवरून एकदा सावकाश चालावे आणि तीन गोष्टी वहीत लिहून ठेवाव्यात: ऊन किती वेळ पडते, पावसाचे पाणी कुठे तुंबते आणि माती कोणत्या प्रकारची आहे.

गोव्यात मातीचे तीन प्रकार घराभोवती प्रामुख्याने आढळतात. डिचोली, सत्तरी, फोंडा, सांगे अशा आतल्या तालुक्यांत आणि किनाऱ्याजवळच्या सड्यांवर जांभ्याची लाल माती असते. ती आम्लधर्मी असून तिच्यातून पाणी लवकर निथळते आणि हातभर खाली गेल्यावर पहार आपटते असा कातळ लागण्याची शक्यता असते. बार्देश, सासष्टी, काणकोण यांच्या किनारी भागात रेताड जमीन असते, जी पाणी आणि खत दोन्ही धरून ठेवत नाही. खाजन शेतीला, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतीला, लागून असलेल्या घरांकडे खारट, चिकट आणि पावसाळ्यात तुंबणारी जमीन येते.

घर नवे असेल तर आणखी एक बाब तपासावी. बांधकामाच्या वेळी उरलेला चुना, सिमेंट आणि प्लास्टरचा भुगा भिंतीच्या कडेलाच गाडलेला असतो. त्यामुळे मूळची आम्लधर्मी माती तेवढ्या पट्ट्यात अल्कधर्मी होते आणि झाडांना लोह मिळेनासे होते. पिटकोळीची, म्हणजे पेंटगुळीची, नवी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या दिसू लागल्या, तर बहुतेक वेळा कारण हेच असते. असा भुगा आढळल्यास तो उचलून टाकावा आणि भिंतीपासून निदान तीन फूट अंतर सोडून झुडपे लावावीत.

रस्त्याच्या किंवा शेजाऱ्याच्या बाजूला भिंत नसेल, तर हद्दीच्या आत दोन ते अडीच फूट जागा मोकळी ठेवावी. काटेरी फांदी बाहेर झुकली की तक्रार ठरलेली असते. विजेच्या तारांखाली, सेप्टिक टाकीवर आणि विहिरीच्या कठड्याला लागून वई नसावी.

झुडपांची निवड

एकाच जातीची तीस फूट रांग लावण्याचा मोह टाळावा. मिश्र वईत वर्षाच्या प्रत्येक हंगामात काहीतरी फुलत किंवा पिकत राहते आणि एखादी जात रोगाने गेली तरी वई उभी राहते.

करवंदाला पहिले स्थान द्यावे. ते सदाहरित आहे, कातळावर तग धरते, उन्हाळ्यात पाण्यावाचून फारसे अडत नाही आणि त्याच्यात शिरण्याचे धाडस मांजर करत नाही. हिवाळ्याच्या अखेरीपासून त्याला पांढरी, सुवासिक फुले येतात आणि एप्रिल ते जून या काळात फळे पिकतात. रोपवाटिकेत करवंद म्हणून दुसरेच काही हाती पडू नये यासाठी काटा जवळून पाहावा: आपल्या करवंदाचा काटा कडक, सरळ आणि पुष्कळदा टोकाशी दुभंगलेला असतो आणि पान तोडल्यास पांढरा चीक येतो. दक्षिण आफ्रिकेतले मोठ्या लाल फळांचे करवंद शोभेसाठी विकले जाते. आपल्या कामासाठी रानातले, लहान काळ्या फळांचे करवंदच हवे.

पेंटगुळ, जिला गोव्यात पिटकोळी म्हणतात, ती शिंजिरांसाठी लावावी. तिच्या लाल फुलांची नळी लांब आणि बारीक असल्यामुळे शिंजिराची वाकडी चोच आणि फुलपाखरांची सोंड तिच्यात सहज पोहोचते. तिची जांभळट फळे बुलबुल खातात आणि मुलेही खातात. खरेदी करताना येथेही सावधगिरी हवी, कारण इक्झोरा या नावाने विकली जाणारी बुटकी, बारीक पानांची संकरित रोपे बारमाही फुलत असली तरी त्यांना फळ क्वचितच धरते. देशी पिटकोळीचे पान रुंद आणि जाडसर असते, त्याला देठ जवळजवळ नसतो आणि त्याचा तळ फांदीला बिलगलेला दिसतो. रोपे रचून ठेवलेल्या रांगेत वाकून एवढे पाहिले तरी फरक लक्षात येतो.

किरमिरा हे नाव बागेच्या दुकानात फारसे ऐकू येत नाही, म्हणून मी त्याची मुद्दाम शिफारस करतो. लिंबाच्या कुळातले हे सदाहरित झुडूप अर्ध्या सावलीत, आंब्या-फणसाखालीही वाढते आणि त्याची गुलाबीसर, पारदर्शक वाटणारी लहान फळे बुलबुलांना फार आवडतात. त्याची आणि कढीपत्त्याची पाने काही मोठ्या फुलपाखरांच्या अळ्या खातात. पाने कुरतडलेली दिसली की नवखे बागकार फवारणीचा पंप उचलतात. वईच्या बाबतीत कुरतडलेले पान हे काम नीट चालल्याचे लक्षण मानावे आणि पंप जागेवरच ठेवावा.

पावसाळ्यात आणि त्यानंतर खाद्य पुरवण्यासाठी दिंडा उपयोगी पडतो. त्याची वाढ झपाट्याने होते, पाने मोठी असतात आणि पावसाळ्याच्या शेवटी त्याला काळपट फळांचे घोस लागतात. ओलसर, थोडी सावली असलेल्या टोकाला तो लावावा. त्याच्या अगदी उलट स्वभावाची धायटी आहे. तिला भरपूर ऊन आणि निथळणारी जमीन लागते. जानेवारीपासून एप्रिलपर्यंत तिच्या फांद्या लालभडक, नळीसारख्या फुलांनी भरून जातात. मुरुडशेंग, म्हणजेच केवण, उन्हाळ्यात पाने गाळते. तिची विटकरी फुले मात्र पावसाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत, म्हणजे धायटी फुलत नसते त्या काळात, शिंजिरांना मध देतात. फुलालगतच्या पांढऱ्या, पानासारख्या भागामुळे दुरूनही ओळखू येणारा भूतकेस हाही पावसाळ्यातला चांगला सोबती आहे. त्याचे गुलाबी, पिशवीसारख्या फुलोऱ्याचे संकरित रूप मात्र घेऊ नये.

अंजनी कातळावर येते, निळ्या-जांभळ्या फुलांनी आणि नंतर काळ्या फळांनी लगडते. ती अतिशय सावकाश वाढते एवढेच तिच्याविषयी सांगून ठेवतो. तोरण, म्हणजे उन्हाळ्यात बाजारात पांढरी फळे येणारे चुर्न, पक्ष्यांना प्रिय असले तरी त्याच्या वाकड्या काट्यांच्या फांद्या पंधरा-वीस फूट पसरतात, म्हणून ते भाटाच्या, म्हणजे बागायतीच्या, कडेला ठीक आणि लहान परसात अडचणीचे.

रस्त्याच्या बाजूने मोकाट गुरे फिरत असतील, तर बाहेरच्या ओळीत अडुळसा आणि निरगुडी यांना स्थान द्यावे. गुरे या दोन्हींना तोंड लावत नाहीत आणि दोन्ही फाट्यांपासून सहज येतात. खारट किंवा रेताड जमिनीत वनजाईचा, म्हणजे कडू मेंदीचा आधार घ्यावा. समुद्राच्या वाऱ्याला ती दाद देत नाही आणि तिची दाट जाळी घरट्यांसाठी उत्तम असते. खाजनाच्या बांधाजवळ जागा असेल तर मधूनमधून भेंडाचे झाड लावता येते.

तीस फूट लांबीच्या, जांभ्याच्या जमिनीतल्या आणि पुरेसे ऊन असलेल्या वईसाठी मी २५ रोपे सुचवीन: १० करवंदे, ४ पिटकोळी, ३ किरमिरे, ३ दिंडे, २ धायटी, २ कढीपत्ते आणि १ मुरुडशेंग. कढीपत्ता मुळांपासून नवे फुटवे काढत पसरतो, म्हणून त्याला टोकाला ठेवावे आणि नको असलेले फुटवे दर पावसाळ्यात उपटावेत.

जे लावू नये

घाणेरीची फळे बुलबुल आवडीने खातात आणि तिच्या फुलांवर फुलपाखरांची गर्दी असते, त्यामुळे ती पक्ष्यांसाठी चांगली असे समजणारे पुष्कळ आहेत. अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातून एकोणिसाव्या शतकात शोभेचे झाड म्हणून आलेली ही वनस्पती पक्ष्यांच्याच विष्ठेतून रानोरान पसरली आणि तिच्याखाली देशी झुडपांची रोपे उगवणे मुश्कील झाले. म्हणजे आपण वईत लावलेली एक घाणेरी गावाबाहेरच्या डोंगरावर शंभर ठिकाणी जाते. मोगली एरंड आणि उंदीरमारी हीदेखील कोकणात कुंपणाला सर्रास लावली जाणारी परदेशी झाडे आहेत. मोगली एरंडाच्या बिया विषारी असल्याने लहान मुले असलेल्या घरी तो टाळणेच बरे.

रोपे मिळवण्याची सोय

वन खात्याच्या रोपवाटिका, विभागीय कृषी कार्यालये आणि खासगी रोपवाटिका अशा तिन्ही ठिकाणी चौकशी करावी आणि ती मे महिन्यातच करावी, कारण पाऊस सुरू झाल्यावर चांगली रोपे पहिल्या आठवड्यांतच उचलली जातात. किरमिरा, दिंडा, अंजनी यांसारखी रोपे तयार मिळाली नाहीत तर ती बियांपासून स्वतः करावीत. करवंदाच्या बियांची उगवणशक्ती फार काळ टिकत नाही. मे महिन्यात बाजारातून किंवा रानातून आणलेली पिकलेली करवंदे खाऊन झाल्यावर बिया धुऊन एक दिवस सावलीत सुकवाव्यात आणि लगेच पिशव्यांत पेराव्यात. अशी रोपे पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात लावण्याजोगी होतात. निरगुडी आणि अडुळसा यांचे पेन्सिलच्या जाडीचे, वीतभर लांबीचे फाटे जून महिन्यात थेट जमिनीत खोचले तरी चालतात.

सड्यावरून किंवा रानातून वाढलेली झुडपे मुळासकट उपटून आणू नयेत. अशी झुडपे बहुधा जगत नाहीत आणि अभयारण्यातून काहीही उचलणे हा गुन्हा आहे. बी किंवा फाटा घेतल्याने मूळ झाडाचे काही बिघडत नाही, पण तोही अभयारण्याच्या हद्दीबाहेरून आणि जागेच्या मालकाला विचारूनच घ्यावा.

रोप निवडताना उंचीला भुलू नये. दीड फूट उंचीचे, तळाशी दोन-तीन फांद्या फुटलेले रोप तीन फुटांच्या सडपातळ रोपापेक्षा वईसाठी चांगले असते. पिशवीचा तळ बोटांनी दाबून पाहावा. आत मुळांचे कडक वेटोळे लागले तर ते रोप पिशवीत फार दिवस राहिलेले आहे असे समजून बाजूला ठेवावे.

मे महिन्यातली खणणी

वळवाचा एखादा पाऊस पडून गेला की जमीन थोडी मऊ होते आणि खणणी सोपी जाते. वईसाठी दोन ओळी आखाव्यात. ओळींमध्ये दोन फूट अंतर ठेवावे, एका ओळीतल्या दोन रोपांत अडीच फूट अंतर ठेवावे आणि दुसऱ्या ओळीतले रोप पहिल्या ओळीतल्या दोन रोपांच्या मधोमध येईल असे पाहावे. अशा नागमोडी आखणीत बाहेरच्या ओळीत १३ आणि आतल्या ओळीत १२ रोपे बसतात. करवंदे शक्यतो बाहेरच्या ओळीत ठेवावीत आणि एका जातीची दोन-तीन रोपे शेजारी शेजारी लावावीत. एकाआड एक लावल्यास झपाट्याने वाढणारा दिंडा सावकाश वाढणाऱ्या करवंदाला झाकून टाकतो.

प्रत्येक खड्डा दीड फूट लांब, रुंद आणि खोल असावा. वरची काळपट माती एका बाजूला आणि खालची लाल, खडेमिश्रित माती दुसऱ्या बाजूला टाकावी, कारण भरताना वरची माती मुळांजवळ जायला हवी. दीड फूट खोल जाण्याआधीच कातळ लागला तर तो फोडत बसण्यापेक्षा चिरे रचून दीड फूट उंचीचा वाफा करावा आणि त्यात माती भरावी. रेताड जमिनीत खड्ड्याच्या तळाशी नारळाच्या सोडणांचा एक थर पोकळ बाजू वर करून घालावा. सोडणे पाणी शोषून ठेवतात आणि उन्हाळ्यात मुळांना ते हळूहळू मिळत राहते. खड्डे पंधरा दिवस उन्हात तापू द्यावेत.

भरणीसाठी दोन खड्ड्यांमागे एक घमेले जुने, पूर्ण कुजलेले शेणखत पुरते. वाळवीचा त्रास असलेल्या जागी प्रत्येक खड्ड्यात मूठभर निंबोळी पेंड मिसळावी. रासायनिक खत घालू नये. देशी झुडपांना त्याची गरज नसते आणि भरपूर नत्राने फोफावलेली कोवळी वाढ पहिल्या उन्हाळ्यात होरपळते.

लावणी

गोव्यात मोसमी पाऊस साधारणपणे जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो. पहिल्या सरीबरोबर घाई करू नये. जमीन फूटभर खोल भिजली आहे याची खात्री झाल्यावर, म्हणजे मृग नक्षत्र लागून आठ-दहा दिवस झाल्यावर, लावणी सुरू करावी आणि जुलैच्या मध्यापर्यंत ती उरकावी. सप्टेंबरच्या अखेरीस लावलेल्या रोपांना पुढचे आठ महिने पाणी घालत बसावे लागते.

लावणी ढगाळ दिवशी किंवा संध्याकाळी करावी. पिशवी बाजूने कापून काढावी, मातीचा गोळा फुटू देऊ नये आणि तळाशी वळलेली मुळे असतील तर कात्रीने छाटावीत. रोप पिशवीत जितके खोल होते तितकेच जमिनीत राहिले पाहिजे; खोड मातीत गाडले गेले तर पावसाळ्यात ते तिथून कुजते. माती भरून पायाच्या टाचेने हलकेच दाबावी आणि रोपाभोवती आळे करण्याऐवजी मातीचा किंचित उंचवटा ठेवावा. आपल्याकडच्या पावसात आळ्यात पाणी साचून राहते, म्हणून आळी करण्याचे काम ऑक्टोबरसाठी राखून ठेवावे. तुंबणाऱ्या जमिनीत हा उंचवटा सहा इंचांचा करावा.

लावणीच्याच दिवशी बाहेरच्या बाजूने तात्पुरते कुंपण उभे करावे. जुन्या पद्धतीप्रमाणे काटेरी शिरड्यांचा आडोसा चालतो, तारेची जाळीही चालते. कोवळी पिटकोळी शेळीने एका संध्याकाळी बुंध्यापर्यंत खाल्ल्याची उदाहरणे गावोगावी सापडतील.

पहिले वर्ष

पावसाळ्यात पाणी घालावे लागत नाही, पण तण झपाट्याने वाढते. ऑगस्टमध्ये एकदा आणि सप्टेंबरच्या अखेरीस एकदा रोपांभोवतीचे गवत आणि रानमोडी हाताने उपटावी, फुलण्यापूर्वीच उपटावी, आणि ती सुकवून तिथेच अंथरावी. मेलेल्या रोपांच्या जागी ऑगस्टअखेरपर्यंत नवी लावली तर ती जगतात.

पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरचे ऊन रोपांची पहिली परीक्षा घेते. या वेळी प्रत्येक रोपाभोवती हातभर रुंदीचे आळे करावे, त्यात चार-पाच इंच पातेरा भरावा आणि खोडाभोवती चार बोटे जागा मोकळी सोडावी, नाहीतर ओलसर पातेऱ्यातल्या गोगलगायी साल खातात. आंबा, फणस, काजू यांची पाने यासाठी उत्तम. नारळाच्या झावळ्या तुकडे करून घालाव्यात. डिसेंबरपर्यंत आठवड्यातून एकदा आणि त्यानंतर पाऊस येईपर्यंत आठवड्यातून दोनदा प्रत्येक रोपाला आठ-दहा लिटर पाणी द्यावे. रोज थोडे थोडे पाणी दिल्यास मुळे वरच्या थरातच राहतात, म्हणून कमी वेळा आणि भरपूर पाणी देण्याची शिस्त ठेवावी. दुसऱ्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा पुरते आणि तिसऱ्या उन्हाळ्यात रेताड जमीन वगळता बहुतेक झुडपांना पाणी लागत नाही.

छाटणी कधी आणि किती

वई तळापासून दाट व्हावी यासाठी पहिल्या ऑक्टोबरातच सगळ्या रोपांचे शेंडे खुडावेत. त्यानंतर दर वर्षी एकदाच, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये छाटणी करावी. या काळात पावसाळी घरटी रिकामी झालेली असतात आणि करवंद, धायटी यांचा फुलोरा अजून धरलेला नसतो. जानेवारीनंतर छाटल्यास त्या वर्षीची फुले आणि फळे हातची जातात, शिवाय फेब्रुवारीपासून ऑगस्टपर्यंत बुलबुल, शिंपी, शिंजीर यांची घरटी चालू असतात.

एका वर्षी वईच्या एक तृतीयांश लांबीलाच हात लावावा आणि पुढच्या वर्षी पुढचा भाग घ्यावा. वईची उंची पाच-सहा फूट पुरे आहे. तिचा तळ रुंद आणि माथा अरुंद राहील अशी छाटणी केली तर खालच्या फांद्यांना ऊन मिळून त्या जिवंत राहतात. उलट आकारात तळ उघडा पडतो आणि मांजराला वाट मिळते. इलेक्ट्रिक कटरने सपाट भिंतीसारखी कापणी करू नये.

कात्री लावण्यापूर्वी फांद्या बाजूला सारून आत पाहण्याची सवय लावावी. बुलबुलाचे वाटीसारखे घरटे कमरेपासून डोक्याच्या उंचीपर्यंत कुठेही असू शकते. शिंप्याचे घरटे त्याहून कठीण: दिंड्याचे किंवा तसेच एखादे रुंद पान कडेने दुमडून त्याच्या काठांना बारीक छिद्रे पाडलेली असतात आणि त्यांतून कापूस किंवा कोळ्याचे जाळे ओवून टाके घातलेले असतात, आत मऊ कापसाची गादी असते. बाहेरून ते नुसते वळलेले पान दिसते. घरटे आढळले तर त्या भागाची छाटणी पुढे ढकलावी. बुलबुलाची आणि शिंप्याची पिल्ले अंडी घातल्यापासून महिन्याभरात घरट्याबाहेर पडतात, त्यामुळे फार दिवस थांबावे लागत नाही.

पाणी, मांजर आणि साप

वईपासून सहा-सात फुटांवर, उघड्या जागी, मातीचे एक पसरट भांडे ठेवावे. त्यात दोन बोटे खोल पाणी पुरे, कारण लहान पक्षी खोल पाण्यात उतरत नाहीत. पाणी रोज बदलावे, नाहीतर त्यात डासांची पैदास होते. भांडे वईच्या अगदी जवळ ठेवल्यास मांजराला दबा धरायला जागा मिळते आणि फार लांब ठेवल्यास पक्षी बिचकतात.

वई म्हणजे साप, अशी भीती घरातल्या ज्येष्ठांना वाटते आणि ती थट्टेवारी नेण्यासारखी नाही. साप येतो तो मुख्यतः उंदीर आणि बेडूक यांच्यामागे. वईत खरकटे, नारळाच्या करवंट्या, जुने चिरे किंवा कौले रचून ठेवू नयेत, घराच्या दरवाज्यापासून आणि न्हाणीघरापासून वई निदान दहा फूट लांब असावी, पायवाटेच्या बाजूच्या फांद्या जमिनीपासून वीतभर उचललेल्या असाव्यात आणि रात्री त्या बाजूने जाताना बॅटरी वापरावी. पातेऱ्यात हात घालताना आधी काठीने तो हलवावा.

माकडांचा उपद्रव असलेल्या गावांत पिकलेल्या करवंदांचा काही वाटा त्यांना जाणारच. काटेरी वईचे ते फारसे नुकसान करत नाहीत.

कोण केव्हा येते

पहिल्या वर्षी फार अपेक्षा ठेवू नये. वटवट्या आणि शिंपी मात्र तण आणि कोवळी पाने यांतले किडे टिपायला लवकर येतात. दुसऱ्या वर्षी पिटकोळी आणि धायटी फुलू लागल्यावर जांभळ्या पाठीचे शिंजीर नियमित दिसतात. फळे भरपूर धरू लागली की शिपाई बुलबुल आणि लालबुड्या बुलबुल मुक्कामालाच येतात, कोकिळा कढीपत्त्याच्या काळ्या फळांवर येते आणि काटेरी भागात मुनियांची गवताची घरटी दिसू शकतात. हिवाळ्यात पातेरा उलटणारा कस्तूर दिसला तर पायथा नीट जमला आहे असे समजावे. मोले, सत्तरी, नेत्रावळी अशा रानालगतच्या भागांत राहणाऱ्यांना गोव्याचा राज्यपक्षी, म्हणजे काळ्या डोक्याचा, पिवळ्या पोटाचा आणि गळ्यावर माणकासारखा लाल ठिपका असलेला बुलबुलही फळांवर दिसण्याची शक्यता असते. पणजी-मडगावच्या वस्तीत त्याची वाट पाहू नये.

तिसऱ्या पावसाळ्यापासून एक नवे काम सुरू होते. फांद्यांवर बसणारे पक्षी दुसरीकडे खाल्लेल्या फळांच्या बिया वईखाली टाकतात आणि जुलैमध्ये तिथे न लावलेली रोपे उगवतात. त्यांत किरमिरा, दिंडा, करवंद किंवा चुर्न असेल तर ते विरळ जागी हलवावे किंवा शेजाऱ्याला द्यावे. वड, पिंपळ यांची रोपे चिऱ्यांच्या भिंतीच्या सांध्यात रुजण्यापूर्वी काढावीत. घाणेरीचे रोप चौकोनी खोड, समोरासमोर असलेली खरखरीत पाने आणि पान चुरगाळल्यावर येणारा उग्र वास यांवरून ओळखता येते. ते वीतभर उंचीचे असताना, जमीन ओली असतानाच मुळासकट उपटावे, कारण बुंध्यापाशी तोडलेली घाणेरी पुन्हा फुटते.